जेजे आणि कोल्हापूर : माजी विद्यार्थी व शिक्षकांच्या यादीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

व्याप्ती ठरली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या किंवा शिकवलेल्या कोल्हापूरकरांची तपासून घेतलेली यादी करायची. तिच्यावरून शाहू स्मारक भवनाच्या कलादालनासाठी १८ फलक, आणि तीच माहिती विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाशी जोडलेल्या खुल्या माहितीसाठ्यात. मूळ तक्ता एकच राहील. फलकावर एक साल आणि विकिडेटावर दुसरं, असं झालं की पुढची दहा वर्षं लोक त्यातलं चुकीचं तेवढं उचलतात.

आधी ‘जेजे’ म्हणजे काय ते निश्चित केलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली ही शाळा २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झाली. आजची इमारत १८७८ची. चित्र-शिल्प, वास्तुकला आणि उपयोजित कला अशा तीन वेगळ्या संस्था पुढे एकाच आवारात नांदल्या. कला, वास्तुकला आणि अभिकल्प (डिझाइन) यांचं मिळून अभिमत विद्यापीठ झालं ते २०२३ मध्ये. म्हणजे आपल्या यादीतल्या एकाही जुन्या माणसाकडे ‘जेजे विद्यापीठाची पदवी’ नाही. बहुतेकांकडे सरकारी परीक्षेची पदविका, म्हणजे जीडी आर्ट. काहींकडे तीही नाही. फलकावर ‘पदवीधर’ हा शब्द सरसकट वापरायचा नाही.

‘कोल्हापूरकर’ कोणाला म्हणायचं हाही प्रश्न आहेच. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि संस्थानाची हद्द म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. रायबाग तेव्हा आपल्यात होतं, आज ते बेळगावात. कुरुंदवाड आज जिल्ह्यात आहे, पण ते वेगळं संस्थान होतं. म्हणून जन्मगाव आजच्या नावाने लिहायचं आणि ‘तेव्हाचं संस्थान’ असा वेगळा रकाना ठेवायचा.

७ जून

तक्त्याचे रकाने : नाव (रूढ), नाव (पूर्ण), इतर लेखनं, जन्मवर्ष, महिना, दिवस, मृत्यूवर्ष, महिना, दिवस, जन्मगाव, संस्थान, नात्याचा प्रकार, शाखा, प्रवेश, बाहेर पडल्याचं वर्ष, पात्रता, पद, आधार १, आधार २, शेरा.

तारीख तीन रकान्यांत का मोडली? एक्सेलला १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची १८ मार्च १८६७ ही जन्मतारीख तो साधा मजकूर समजतो आणि क्रम लावला की त्यांना भलतीकडे टाकतो. गुगल शीट्स आणि लिबरऑफिस जुन्या तारखा घेतात, पण फाइल हातोहात फिरणार, कुणीतरी ती एक्सेलमध्ये उघडणारच. आकड्यांचंही तसंच. तक्त्यात वर्षं इंग्रजी आकड्यांत भरायची, देवनागरी आकडे फक्त फलकावर. ‘१८६७’ असं टाकलं की सूत्रं त्याला संख्या मानत नाहीत आणि वय काढायला गेलं की चूक दाखवतात.

‘नात्याचा प्रकार’ हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना. त्यात पाचच पर्याय : शिकले आणि पदविका मिळाली; शिकले, पदविका नाही; शिकवलं; प्रशासकीय पद; नातं नाही (तपासलं). शेवटचा पर्याय अनेकांना अनावश्यक वाटतो. तो नसला की तेच नाव दर दोन महिन्यांनी कुणीतरी नव्याने सुचवतं आणि तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

एका माणसाची दोन नाती असतील तर दोन ओळी. एका ओळीत ‘विद्यार्थी/शिक्षक’ असं तिरकी रेघ मारून लिहिलं की वर्षं कोणत्या नात्याची तेच कळत नाही.

११ जून

पहिली पाच नावं पक्की. सगळ्यांचा जन्म कोल्हापुरातला.

आबालाल रहिमान, चित्रकार. १८८० च्या दशकात जेजेत, १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं पदक, पुढे शाहू महाराजांच्या दरबारी. मृत्यू १९३१. जन्मवर्ष मात्र १८५६ आणि १८६० अशी दोन सापडतात. दोन्ही लिहायची, मधलं काढायचं नाही. कुठेकुठे ‘अंदाजे १८५८’ दिसतं. ती कोणाची तरी सरासरी असावी. सरासरीला आधार नसतो.

एम. व्ही. धुरंधर. शाळा राजाराम हायस्कूल, १८९० मध्ये जेजेत, १८९६ पासून तिथेच शिक्षक, १९३१ मध्ये निवृत्त. त्यांच्या दोन ओळी होतात. मृत्यू १९४४. त्यांनी या काळाचं आत्मवृत्त ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने लिहिलं, त्यामुळे वर्षांसाठी पहिला आधार त्यांचाच.

बाबूराव सडवेलकर, १९२८ ते २०००. जेजेचे विद्यार्थी, तिथेच शिक्षक, पुढे महाराष्ट्राचे कला संचालक. यांच्या तीन ओळी.

भानू अथैय्या, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार. जेजेत १९५१ मध्ये उषा देशमुख सुवर्णपदक. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठीचं ऑस्कर १९८३ मध्ये, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. मृत्यू २०२०. त्यांच्या बाबतीत लोकांचं सगळं लक्ष ऑस्करकडे जातं आणि १९५३ च्या प्रोग्रेसिव्ह या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनातला चित्रकार म्हणून सहभाग मागे राहतो. फलकावर आधी चित्र, मग वेशभूषा.

अरुण कोलटकर. यांच्याबद्दल वेगळी नोंद लागेल.

आता बाबूरावांचा घोळ. कोल्हापुरात नुसतं ‘बाबूराव’ म्हटलं तर पेठेगणिक वेगळा माणूस डोळ्यांसमोर येतो. चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर (जन्म ३ जून १८९०, मृत्यू १९५४), बाबूराव सडवेलकर आणि नट बाबूराव पेंढारकर. जुन्या स्मरणिकांत आडनाव न देता ‘बाबूराव म्हणाले’ असं असतं आणि त्यावरून पेंटरांच्या नावावर जेजेचं शिक्षण चढतं. बाबूराव पेंटर जेजेत शिकलेले नाहीत. नियम केला : आधारात आडनाव नसेल तर तो आधार क्रमांक २ वरच राहील. दुसरा, आडनाव असलेला आधार मिळेपर्यंत ओळ पिवळी, म्हणजे तपासणी बाकी.

१५ जून

कोलटकरांची ओळ. प्रवेश १९४९, पदविका १९५७. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तक्ता वाचणारा म्हणतो, आठ वर्षं जेजेत. तसं नाही. मधे खंड पडला होता. सलग शिक्षण नसेल तर ‘बाहेर पडल्याचं वर्ष’ हा रकाना रिकामा ठेवायचा, ‘पात्रता’मध्ये ‘पदविका, १९५७’ लिहायचं आणि शेऱ्यात ‘मधे खंड’. विकिडेटावरही समाप्तीची तारीख न घालता पदविकेचं वर्ष पात्रतेबरोबर जोडायचं.

जन्मतारीख १ नोव्हेंबर हे सगळीकडे सारखं, वर्ष १९३१ आणि १९३२ असं दोन प्रकारे छापलेलं. दोन्ही ठेवली. शाळा राजाराम हायस्कूल, म्हणजे धुरंधरांचीच. सडवेलकर त्यांचे बालपणीचे मित्र आणि ते आधीच जेजेत होते. हा धागा फलकावर घ्यायचा. कोल्हापुरातून मुंबईला जाणारी वाट बऱ्याचदा अशी ओळखीतूनच उघडली आहे, पण ते आपण लिहायचं नाही. दोन फलक शेजारी लावले की पुरे.

‘व्यवसाय’ रकान्यात नुसतं ‘कवी’ लिहिलं की कोलटकर दृश्यकलेच्या गाळणीतून गळतात. जाहिरात क्षेत्रातले ग्राफिक डिझायनर म्हणून त्यांचं काम मोठं आहे. दोन्ही लिहायचं, आणि क्रम जेजेच्या संदर्भाने : डिझायनर, कवी.

१९ जून

शिक्षक आणि पदं. इथे भल्याभल्यांची गफलत होते, कारण पदांची नावं बदलत गेली.

सुरुवातीच्या काळात प्रोफेसर आणि सुपरिंटेंडंट. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये आले, १८७५ मध्ये लाहोरला गेले. मुंबईच्या महात्मा फुले मंडईवरची (क्रॉफर्ड मार्केट) कोरीव शिल्पपटलं त्यांची. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या पुष्कळ लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या. पुढे प्रिन्सिपल, मग डायरेक्टर. ग्लॅडस्टन सॉलोमन १९३६ पर्यंत संचालक. धुरंधर हे १९३० च्या सुमारास प्रभारी संचालक होते. ‘प्रभारी’ हा शब्द कापायचा नाही. कौतुकाच्या भरात तो पहिल्यांदा गळतो.

मोठी गफलत पुढची. राज्याचं कला संचालनालय १९६५ मध्ये वेगळं झालं. त्याआधीचा ‘संचालक’ म्हणजे जेजेचा प्रमुख. त्यानंतरचा ‘कला संचालक’ म्हणजे राज्यभरच्या कलाशिक्षणाचा प्रमुख, आणि जेजेचा प्रमुख तो अधिष्ठाता. म्हणून सॉलोमन आणि सडवेलकर दोघांनाही ‘जेजेचे संचालक’ म्हटलं तर अर्ध चुकतं. सडवेलकरांच्या तीन ओळी अशा : शिकले, शिकवलं, प्रशासकीय पद (राज्य). तिसऱ्या ओळीत संस्थेच्या जागी जेजे नाही, कला संचालनालय.

किपलिंगसाहेबांबरोबर एक नाव हमखास ओढलं जातं. त्यांचे पुत्र, लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी जेजेच्याच आवारात झाला, म्हणून ते ‘नामवंत जेजेकर’. आवारात जन्मणं हे नातं आपल्या पाच पर्यायांत बसत नाही. ‘नातं नाही (तपासलं)’.

२५ जून

‘नातं नाही’ची यादी वाढली. ती मुख्य यादीइतकीच उपयोगी आहे, म्हणून कारणासकट लिहिली.

बाबूराव पेंटर : वर दिलं आहे. घरच्या सुतारकीच्या आणि कारागिरीच्या परंपरेतून आलेले. जी. कांबळे : सिनेमाचे फलक रंगवत तयार झालेले, शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्र त्यांचं. कलाशाळेचं औपचारिक शिक्षण नाही. वसंत सरवटे : जन्म कोल्हापूरचा, व्यंगचित्रकार, पण शिक्षण आणि नोकरी सिव्हिल इंजिनिअरची. ‘व्यंगचित्रकार म्हणजे जेजे’ हा तर्क इथे हमखास फसतो, आणि त्याला उलट पुरावाही आहे : आर. के. लक्ष्मण यांना जेजेने प्रवेशच नाकारला होता.

कोल्हापूरबाहेरची, तरी पडताळणीसाठी उपयोगी : सुधीर पटवर्धन (डॉक्टर, कलाशाळेत शिकलेले नाहीत), चार्ल्स कोरिया (वास्तुकला अमेरिकेत). याउलट ‘शिकले, पदविका नाही’ या गटात चित्रकार एफ. एन. सोझा, ज्यांना १९४५ मध्ये काढून टाकलं, आणि वास्तुकार बाळकृष्ण दोशी, जे १९४७ मध्ये वास्तुकलेला आले आणि अभ्यासक्रम पुरा न करता युरोपात गेले. दोशींना वास्तुकलेचं प्रित्झ्कर पारितोषिक २०१८ मध्ये मिळालं तेव्हा बातम्यांत ‘जेजेचे पदवीधर’ असं सर्रास लिहिलं गेलं. हा गट कमीपणाचा नाही. यादीतली सर्वांत वजनदार नावं बऱ्याचदा याच गटात निघतात, म्हणून त्यावर पांघरूण घालायची गरज नाही.

एका सूचनेवर चर्चा : बाबूराव पेंटरांचा फलकच नसेल तर कोल्हापुरातलं प्रदर्शन कसलं? मुद्दा बरोबर आहे. उपाय असा की १८ पैकी दोन फलक ‘जेजेविना’ या मथळ्याखाली. एकावर बाबूराव पेंटर, दुसऱ्यावर जी. कांबळे. कोल्हापूरची चित्रकला जेजेतून आली असं कुणी म्हणायला नको. जेजेत गेलेलेही इथल्या पेठांमधलं काहीतरी हातात घेऊनच गेले होते.

२ जुलै

टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयातली चित्रं. संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, त्यामुळे छायाचित्रणाच्या परवानगीचा अर्ज अभिरक्षकांमार्फत संचालकांकडे जातो. अर्जात चार गोष्टी हव्यात : कोणती चित्रं (दाखल क्रमांकासह), कशासाठी, कोणत्या आकारात छापणार, श्रेय कसं देणार. ‘प्रदर्शनासाठी काही छायाचित्रं’ असा मोघम अर्ज परत येतो. आणि दाखल क्रमांक नसेल तर संग्रहालयालाही तो शोधत बसावं लागतं, मग उशीर.

काचेतल्या जलरंगांचे फोटो काढायची रीत :

फ्लॅश बंद. दोन एलईडी दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, उंची चित्राच्या मध्याइतकी. कॅमेरा तिपाईवर, लेन्स चित्राच्या मध्याला समोरासमोर. कॅमेऱ्यामागे काळं कापड, सहा बाय सहा फुटी, मधे लेन्सपुरतं भोक. काचेत दिसतो तो फोटोग्राफर आणि मागची खिडकी. कापडाने दोन्ही जातात. लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून तो फिरवत राहायचं, चमक मरते तिथे थांबायचं. फिल्टर लावला की प्रकाश एक ते दोन स्टॉप कमी होतो, म्हणून शटर सावकाश. आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ ८. पहिल्या फोटोत चित्राशेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी, दुसऱ्यात नाही. रॉ फाइल ठेवायची.

काय चुकतं? पावसाळ्यात जुन्या जलरंगाचा कागद ओल धरून लाटेसारखा उचलतो. एका बाजूचा दिवा जरा जवळ आला की प्रत्येक लाटेची सावली पडते आणि आकाशाच्या सपाट रंगथरात नसलेल्या रेघा उमटतात. छापल्यावर त्या ढगांसारख्या दिसतात, आणि मग कुणीतरी त्यावर लिहितोही. दोन्ही दिवे समान अंतरावर हवेत. लांबी दोरीने मोजायची, अंदाजाने नाही.

६ जुलै

हक्क, म्हणजे कॉपीराइट. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. धुरंधर १९४४ : त्यांच्या चित्रांवरचा हक्क २००४ अखेर संपला. बाबूराव पेंटर १९५४ : २०१४ अखेर. आबालाल १९३१ : तेव्हा मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे १९८१ अखेरच मोकळी. सडवेलकर २०६० अखेरपर्यंत, अथैय्या २०८० अखेरपर्यंत. म्हणून या दोघांची चित्रं फलकावर हक्कधारकांच्या लेखी परवानगीनेच, आणि विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसाठ्यावर) अजिबात नाही.

कॉमन्सवर चढवताना अमेरिकेचा नियमही लागतो. धुरंधरांची ९५ वर्षांपूर्वी छापली गेलेली पोस्टकार्डं आणि कॅलेंडरं बिनघोर. त्यानंतर पहिल्यांदा छापलेल्या चित्राचं प्रकाशनवर्ष तपासल्याशिवाय चढवायचं नाही. चढवलं तर कुणीतरी वगळण्याचा प्रस्ताव लावतं, आणि फाइल गेली की लेखातला चौकोन रिकामा.

चौकातले पुतळे वेगळे. सार्वजनिक जागी कायमचं असलेलं शिल्प असेल तर त्याचा फोटो काढायला आणि वापरायला कायद्यात सूट आहे. ती सूट भिंतीवर टांगलेल्या चित्राला लागू नाही. हा फरक फोटो काढणाऱ्यांना आधी सांगून ठेवावा.

१२ जुलै

अक्षरं. फलकाचा मजकूर तीन ठिकाणांहून आला : युनिकोड, श्रीलिपी (युनिकोडआधीची फाँटपद्धत), आणि फोनवरून टाइप केलेला. श्रीलिपीतला मजकूर परिवर्तकातून काढला तरी जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावेच लागतात.

दिसायला सारखं पण आतून वेगळं, हा खरा त्रास. ‘ॲ’ एकाच संकेताने टाइप होतो, किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून दोन संकेतांनी. डोळ्यांना फरक नाही, शोध मात्र एकालाच सापडतो. ‘ऱ्य’मधला अर्धा र तर तीन प्रकारे येतो. तक्त्यात एकदा शोधा-बदला चालवून सगळं एका रूपात आणलं. क्रम लावायच्या आधी हे करायचं, नंतर नाही.

‘अथैय्या’ हे नाव चाचणीला उत्तम. जुन्या फोटोशॉपमध्ये टाकलं की ‘थ’वरच्या दोन मात्रा सरकतात, ‘य्’ पायमोडका होऊन हलन्त दाखवतो आणि ‘या’ सुटा उभा राहतो. प्रोग्रॅमच्या मजकूर-पसंतीत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू केला, फाइल नव्याने उघडली की जुळतं. जुन्या मजकूर-चौकटींना तो आपोआप लागत नाही. त्या पुसून नव्याने काढाव्या लागतात. हे नाव नीट उमटलं की बाकीची बहुतेक उमटतात.

१८ जुलै

विकिडेटा. तिथे प्रत्येक प्रकारच्या माहितीला ठरलेला क्रमांक असतो. शिक्षणासाठी पी६९, नोकरीसाठी पी१०८, जन्मस्थळ पी१९. पी६९ खाली प्रवेश पी५८०, समाप्ती पी५८२, पात्रता पी५१२. प्रत्येक विधानाला आधार : पुस्तक असेल तर पी२४८ आणि पान पी३०४. आधाराविना टाकलेलं विधान टिकतं, पण त्याचा उपयोग नाही. कुणीही येऊन तितक्याच सहजपणे उलटं टाकतं.

जेजेच्या शाखांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. कोलटकर किंवा अथैय्या यांना वास्तुकलेच्या नोंदीशी जोडलेलं चालणार नाही. शोधपेटीत ‘सर जे. जे.’ टाइप केलं की आधी येणारी नोंद योग्यच असेल असं नाही. वर्णनाची ओळ वाचून निवडायचं. २०२३ चं अभिमत विद्यापीठ आणि जुनी शाळा यांचीही सरमिसळ होऊ द्यायची नाही. जुन्या विद्यार्थ्यांना जुन्याच नोंदीशी जोडायचं.

दोन जन्मवर्षं असतील तर दोन्ही विधानं, दोन्हीला आपापला आधार, कोणालाच ‘पसंतीचा’ दर्जा नाही.

२४ जुलै

फलक. आकार २ × ३ फूट, उभा. मांडणी १५० डीपीआय, म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेल. त्याहून जास्त नको, फाइल जड होते आणि फ्लेक्सवाल्याकडचं मशीन अडतं. चित्राची मूळ फाइल छापायच्या आकारात किमान १५० डीपीआय भरली पाहिजे, नाहीतर चित्र लहान करायचं. ताणून मोठं केलेल्या जलरंगाचा चिखल होतो.

नाव ९० पॉइंट, उपमथळा ४०, मजकूर ३०. मजकूर १२० शब्दांच्या वर नाही. उभं राहून १८ फलक वाचायचे आहेत, हे लिहिणाऱ्याला दर वेळी आठवण करून द्यावं लागतं. प्रत्येक फलकाच्या तळाशी एक ओळ ठरीव साच्यात : जेजेशी नातं, शाखा, वर्षं. ही ओळ कापायची नाही, बाकीचं कापा.

क्यूआर ४ सेंटीमीटर, भोवती पांढरी जागा सोडून. ३ सेंटीमीटर हाताच्या अंतरावरून चालतो, पण गर्दीत लोक मागून स्कॅन करतात. क्यूआर ज्या पानावर नेतो त्याचा पत्ता स्वतःच्या ताब्यातला हवा. फुकटच्या सेवेतून बनवलेले काही क्यूआर महिन्याभरात पैसे मागतात.

३० जुलै

प्रूफ-छपाई. फ्लेक्सवाल्यांकडे बहुतेक कोरलड्रॉ असतं आणि फाइल उघडताना त्यांच्या संगणकावर आपला फाँट नसतो. म्हणून अक्षरांचे आराखडे (आउटलाइन) करून पीडीएफ द्यायची. आराखडे केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा संपादनाची प्रत वेगळी ठेवावी आणि फाइलच्या नावात तारीख टाकावी. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल नक्की’ अशा नावांनी चुकीची प्रत छापली जाते.

माध्यम : ५ मिमी सनबोर्डवर व्हिनाइल, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर कलादालनाचे दिवे उमटतात आणि क्यूआर वाचला जात नाही. ३ मिमी सनबोर्ड स्वस्त पडतो, पण या आकारात पावसाळी हवेत चार दिवसांत धनुष्य होतं. व्हिनाइल चिकटवताना खाली हवेचे फुगे राहिले की ते नंतर वाढतात. स्क्वीजी मधून कडेकडे ओढायची, कडेकडून आत नाही.

पहिल्या छपाईत हिरवे रंग पिवळट आले. पडद्यावरची फाइल आरजीबी असते, मशीन सीएमवायके. सगळ्यात नाजूक रंगाचा एक हातभर तुकडा आधी छापून मूळ रंगपट्टीशी उजेडात ताडून पाहायचा, मगच सगळे १८ फलक.

४ ऑगस्ट

मांडणी. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटर. दोन फलकांत किमान ४० सेंटीमीटर. क्रम जन्मवर्षाने नाही, जेजेत गेल्याच्या क्रमाने : आबालाल, धुरंधर, मग चाळीस-पन्नासच्या दशकातली पिढी. सडवेलकर आणि कोलटकर शेजारी, अथैय्या समोरच्या भिंतीवर. धुरंधर विद्यार्थी आणि धुरंधर शिक्षक हे दोन फलक वेगळे, आणि मधे ग्रिफिथ्स-अजिंठ्याचा. ‘जेजेविना’चे दोन फलक दाराजवळ आत शिरतानाच, शेवटी नाहीत. शेवटी ठेवले तर ते पुरवणीसारखे वाटतात.

टांगायला दुतर्फी चिकटपट्टी वापरू नये. दमट हवेत रात्रीतून सुटते आणि फलकाचा कोपरा मोडतो. मागे दोन छिद्रांची प्लास्टिक पट्टी गरम गोंदाने लावून नायलॉन दोरी, किंवा भाड्याचे लोखंडी स्टँड. स्टँडच्या पायाखाली रबर.

दारात एक वही : ‘नाव सुचवा’. रकाने चारच. कोण, जेजेशी काय नातं, कशावरून, तुमच्याकडे कागद आहे का. शेवटचा रकाना मोठा ठेवला आहे. कागद आहे असं लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे विचारायचं की स्कॅन देता येईल का. ३०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, मूळ त्यांच्याकडेच. आलेली नावं आधी ‘नातं नाही’च्या यादीशी ताडायची, मगच पिवळ्या ओळीत.